बाबांच्या पायावरचा काळानिळा डाग

मे महिना उजाडला की इथल्या मराठी घरांत आई-बाबांच्या येण्याची लगबग सुरू होते. दोन वर्षांपूर्वी बाबा सावंतवाडीहून आमच्याकडे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात आले. घरामागे छोटंसं परस आणि त्याला लागून ओकची झाडी. चार दिवसांत बाबांनी फावडं हातात घेतलं. मेथी पेरली, लाल माठ पेरला, झाडीच्या कडेचा सुका पाला ओढून ढीग लावला. परक्या देशात बाबा मातीत रमले, याचंच मला समाधान होतं.

"बाबा, पाल्यात गोचिडी असतात, लांब पँट घाला," असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "अगो, जल्मभर ढोरांच्या कानातल्यो गोचडी काढलंय मी, माका काय सांगतस!"

त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती म्हशीच्या कानातली, रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू असतं खसखशीच्या दाण्याएवढं, आणि मे ते जुलै त्यांचाच हंगाम. ते चावलेलं कळतसुद्धा नाही. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांत ते गपचूप चिकटून राहतं. इथे हिला हरणाची गोचीड म्हणतात, पण तिच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू तिच्यात येतात ते मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. हरणांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, एवढंच. त्यामुळे 'आमच्या अंगणात हरणं येत नाहीत' यावर कुणी निर्धास्त राहू नये. इथल्या जुन्या दगडी गडग्यांत उंदीर असतातच.

जुलैच्या मध्याला बाबांच्या गुडघ्यामागे तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी मुका मार म्हणून मलम दिलं. मलाही ते पटलं. कारण मी पाहिलेल्या सगळ्या चित्रांत गोऱ्या कातडीवर लालभडक वर्तुळ होतं, मधे मोकळी जागा, पुन्हा कडं. आपल्या सावळ्या अंगावर तो डाग लाल दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, कुठेतरी आपटल्यासारखाही दिसतो, आणि मधलं वर्तुळ पुष्कळदा नसतंच. काहींना तर डागच उठत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, याची चुटपुट आजही जात नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी बाबांच्या ओठांच्या कडेतून चहा ओघळला. डावा डोळा मिटेना. पक्षाघात समजून आम्ही रुग्णवाहिका बोलावली, आणि तेच बरोबर होतं. अशा वेळी घरी बसून अंदाज बांधायचे नसतात. इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना भुवया वर करायला सांगितल्या. कपाळाची डावी बाजूही हलेना. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा वाचतं, इथे चेहऱ्याची नसच धरली होती. मग त्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे बागेत काम करतात का?" पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून उलगडलं. रक्ततपासणीत लाइम निघाला, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दसऱ्यापर्यंत बाबांचं हसू पुन्हा सरळ झालं.

तपासणीचंही एक आहे. पहिल्या काही आठवड्यांत शरीरात प्रतिद्रव्यं पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून रोग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. डाग ओळखता आला तर डॉक्टर तपासणीची वाट न बघता औषध देतात. म्हणून तो डाग ओळखणं इतकं मोलाचं.

ज्या गावावरून या रोगाला नाव पडलं, ते लाइम आमच्याच राज्यात आहे. 1975 मध्ये तिथे आणि शेजारच्या ओल्ड लाइममध्ये मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे ही चार मुलांची आई घरातल्या दुखण्यांची बारकाईने नोंद ठेवत होती. तिने आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला, म्हणून येल विद्यापीठाचे डॉक्टर कामाला लागले. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत शोधलेला जंतू 1982 मध्ये जगासमोर आला. आयांनी लावून धरलं म्हणून हे झालं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दोडामार्ग-बांद्याकडच्यांना गोचिडीचं भय नवीन नाही. माकडतापाने तिथे माणसं दगावली आहेत. पण तो विषाणूचा ताप. लाइमचा जीवाणू प्रतिजैविकांना दाद देतो, मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजेत. नाहीतर सांधे, हृदय, नसा, कुठेही त्रास होऊ शकतो.

म्हणून उन्हाळ्यात लेकीकडे, मुलाकडे येणाऱ्या सगळ्या आई-बाबांना माझी विनवणी आहे. बागेत जाताना पायमोजे पँटवर ओढा. आत आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. नुसत्या थंड पाण्याने गोचीड मरत नाही. रोज संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासा, संकोच करू नका. जंतू अंगात उतरायला साधारण चोवीस तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच दिवशी काढलेली गोचीड सहसा अपाय करत नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, पेटती उदबत्ती यांतलं काहीही लावायचं नाही. ती दीड दिवसाहून जास्त चिकटलेली असावी असं वाटलं, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. एकाच मात्रेचं प्रतिबंधक औषध मिळू शकतं.

आणि भारतात परतल्यावर महिन्याभरात ताप, डाग किंवा सांधेदुखी झाली, तर 'आम्ही अमेरिकेत बागेत काम करत होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे हा रोग क्वचितच दिसतो, तो पटकन कसा सुचेल?

गेल्या उन्हाळ्यात बाबा पुन्हा आले, या वेळी आईसोबत. जूनमधल्या एका संध्याकाळी आईला त्यांच्या डाव्या घोट्यावर काळा ठिपका दिसला. ठिपक्याला पाय होते. मी चिमट्याने काढला, चिकटपट्टीत बंद केला. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बाबांनी स्वतः लिहिलं, "गोचीड, डावा घोटा, काढली." पुढचे तीस दिवस आई रोज रात्री बॅटरी घेऊन तो घोटा बघत होती.