लिसा अँडरसनचेच नाव का?

महिलांच्या सर्फिंगचा विषय निघाला की मी दरवेळी लिसा अँडरसनवरच का येऊन थांबते, असे मला बरेच जण विचारतात. स्टेफनी गिलमोरने आठ वेळा जागतिक विजेतेपद मिळवले, लेन बीचलीने सात वेळा. लिसाने चारच वेळा. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

लिसा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्मंड बीचची. त्याच किनारपट्टीवरच्या फ्रीडा झांबाने १९८४ ते १९८८ या काळात चार विजेतेपदे मिळवली होती, त्यामुळे डोळ्यांपुढे उदाहरण होते. घर मात्र पाठीशी नव्हते. सोळाव्या वर्षी, आपण सर्फिंगमध्ये महिलांची जगज्जेती होणार आहोत अशी चिठ्ठी आईसाठी ठेवून ती निघाली ती थेट कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचला. सुरुवातीला ती उघड्या किनाऱ्यावर झोपत असे. १९८७ मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली, तरी चिठ्ठीतला शब्द खरा व्हायला आणखी सात वर्षे जावी लागली. १९९३ मध्ये तिला मुलगी झाली आणि पुढच्याच वर्षी पहिले विजेतेपद मिळाले. १९९७ पर्यंत तिने ते सलग चार वेळा जिंकले.

बाळंतपणानंतर मी खो-खो सोडला. सोड असे कोणी म्हटले नव्हते, परत ये असेही कोणी म्हटले नाही. त्यामुळे १९९३ आणि १९९४ ही दोन वर्षे शेजारी शेजारी वाचताना मला आजही भरून येते.

शिवाय एक साधी वाटणारी गोष्ट आहे. लाट अंगावर फुटली की बिकिनी जागेवर राहत नाही, म्हणून कित्येक मुली पुरुषांच्या सैल चड्ड्या घालून पाण्यात उतरत. रॉक्सी या सर्फिंगच्या कपड्यांच्या ब्रँडने खास बायकांच्या मापाच्या बोर्डशॉर्ट्स, म्हणजे सर्फिंगच्या चड्ड्या, काढल्या, तेव्हा त्या घडवण्यात लिसाचा वाटा होता. कपडा सावरण्यात गुंतलेले हात त्यामुळे मोकळे झाले. १९९६ मध्ये ‘सर्फर’ मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेतले आणि आपल्या बहुतांशी पुरुष असलेल्या वाचकांना बजावले, की लिसा अँडरसन तुमच्यापेक्षा चांगले सर्फिंग करते.

१९९८ मध्ये पाठीच्या दुखण्याने तिची घोडदौड थांबली. बीचलीचे पहिले विजेतेपद त्याच वर्षीचे. तिची ती सात विजेतेपदे तिथपासून मोजली जातात.