ड्रिप ट्रेखाली काय होतं

मे महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या कॅन्सस सिटीत ग्रिल रिपेअरवाल्यांना जेवायला फुरसत नसते. मेमोरियल डेची सुट्टी मेच्या शेवटच्या सोमवारी, आणि त्याच्या आत सगळ्यांना आपापला स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायचं मशीन, चालू करून हवा असतो, थंडीभर अंगणात पडलेला. मी पेलेट स्मोकरची सर्व्हिस करतो. ज्यांनी हे मशीन बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला हॉपर असतो, त्यात भुसा दाबून केलेल्या पाव इंच जाडीच्या लाकडी कांड्या म्हणजे पेलेट भरायचे, मग ऑगर नावाचा पिळाचा दांडा फिरत फिरत ते फायरपॉटमध्ये ढकलतो, तिथे हॉट रॉड नावाची विजेवर तापणारी सळई ते पेटवते, पंखा हवा देतो, आणि कंट्रोलर आतलं टेम्परेचर बघून ऑगर कमीजास्त फिरवतो. १९८०च्या दशकात ओरेगॉनमध्ये जो ट्रेगर यांनी हे बनवलं, आणि आता इथे दर चार घरांआड एखादा दिसतोच.

त्या दिवशीचा कॉल ओव्हरलँड पार्क या जवळच्या उपनगरातला. सत्तरीचे गृहस्थ, नातीची ग्रॅज्युएशन पार्टी शनिवारी, पंचवीस-तीस माणसं येणार. तक्रार एकच, "स्मोकर चालू केला की बाहेरचं सॉकेट ट्रिप होतं." आणि मी पोचलो तर त्यांनी गॅरेजमधून एक्स्टेन्शन वायर ओढून आणून ठेवलेली, दुसऱ्या, ट्रिप न होणाऱ्या सॉकेटमधून. म्हणाले, "सॉकेटच बाद झालंय, यावर लावून बघूया का?" मी म्हटलं, काका (मनात मी सगळ्या वयस्कर गिऱ्हाइकांना काकाच म्हणतो), दहा मिनिटं थांबा, आधी आत बघू द्या.

झाकण उघडलं तर मांस ठेवायच्या जाळ्या घासलेल्या, खाली गळणारी चरबी झेलणाऱ्या ड्रिप ट्रेवर नवीकोरी फॉइल. वरून बघणारा म्हणेल काय स्वच्छ ठेवलाय! ट्रे उचलला आणि मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. फायरपॉट काठोकाठ पेलेटनी भरून बाहेर सांडलेला, आजूबाजूला राखेचा थर, आणि ग्रीस बाहेर जायची नळी घट्ट झालेल्या चरबीने बुजलेली, त्यामुळे मागच्या सीझनची सगळी चरबी उलटी येऊन तळात साचलेली, फायरपॉटपासून वीतभरसुद्धा लांब नाही. काकांना बोलावून दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून परत वाकले.

मग हळूहळू उलगडलं. ऑक्टोबरमध्ये शेवटचं चिकन करताना आग मध्येच विझली होती. आग विझली तरी कंट्रोलरला एवढंच कळतं की टेम्परेचर पडतंय, म्हणून तो ऑगर फिरवत राहतो, पेलेट पडत राहतात, जळत काहीच नाही. त्यांनी प्लग काढला, चिकन ओव्हनमध्ये घातलं आणि स्मोकर झाकून टाकला. थंडीत बर्फ वितळून आणि एप्रिलच्या पावसात पाणी आत गेलं. सॉकेटचं म्हणाल तर ते ठणठणीत होतं. इथे घराबाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय असतं, साधारण ५ मिलिअँपिअर करंट जमिनीकडे गळला तरी ते वीज तोडतं. हॉट रॉडमध्ये ओल शिरलेली, रॉडची वायर काढून लावून बघितलं तर एकदाही ट्रिप नाही. म्हणजे सॉकेट आपलं काम चोख करत होतं, आणि दुसऱ्या सॉकेटवर लावलं असतं तर कदाचित रॉड तापला असता, तो सगळा ढीग एकदम धुमसून पेटला असता आणि शेजारी चरबी. त्यात काकांचा प्लॅन असा की शुक्रवारी रात्री २२५ डिग्री फॅरनहाइटवर ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा मोठा तुकडा, लावायचं आणि झोपायचं, कारण मोठ्या ब्रिस्केटला बारा तास सहज लागतात. स्मोकर लाकडी डेकवर, भिंतीला चिकटून. मला खरंच घाम फुटला.

सगळ्यात जास्त वेळ ऑगरने खाल्ला. पावसाळ्यात आपल्याकडे लाकडी दारं फुगून बसतात ना, तसे पेलेट नळीत फुगून सिमेंट झालेले. मोटर सोडवली, पिन काढली, दांडा लॉकिंग प्लायरने धरून मागेपुढे, मागेपुढे, आणि पुढून लांब स्क्रूड्रायव्हरने एकेक कपचा फोडत. पाणी अजिबात घालायचं नाही, अजून फुगतं. शेवटी सुटला तेव्हा काका मोठ्याने "येस्स" ओरडले.

बाकी नेहमीचं. राख शॉप व्हॅकने, म्हणजे वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरने, ओढली (पूर्ण गार असेल तरच, राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो), फायरपॉटची भोकं मोकळी केली, नळी आणि तळ खरवडून चरबी काढली, टेम्परेचरचा प्रोब पुसला कारण काजळी धरली की तो चुकीचं वाचतो. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत होते, काकांना वाटलं पेंट निघतोय, तो पेंट नसून जळलेली चरबी आणि धूर असतो, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. त्यांचा तारेचा ब्रश मात्र मी त्यांना फेकायलाच लावला, त्याची तार तुटून मटणात जाते आणि माणसं ऑपरेशन टेबलवर पोचतात, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

नवीन रॉड बसवला, स्मोकर दोघांनी मिळून भिंतीपासून चांगला लांब ओढला, त्याच जीएफसीआयवर लावला. झाकण उघडं ठेवून स्टार्ट, आधी पांढरा धूर, मग फुरफुर आवाज, मग धूर पातळ निळसर. ३५० डिग्रीवर अर्धा तास रिकामा चालवला. चुकून कधी आत चरबी पेटलीच तर झाकण बंद, प्लग बाहेर, पाणी नाही, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

निघताना त्यांनी गॅरेजमधली हिकरी लाकडाच्या पेलेटची अर्धी पिशवी आणली, चालेल का विचारलं. एक पेलेट मोडायला दिला. चांगला असेल तर कट्कन तुटतो, हा बोटात भुगा झाला. पिशवी कचऱ्यात गेली आणि काका नवीन आणायला गाडीची किल्ली शोधायला लागले. आता सीझनमध्ये "सॉकेट ट्रिप होतंय" असा फोन आला की मी पत्ता विचारायच्या आधी सांगतो, प्लग काढा, गार आहे ना बघा, फॉइलसकट ट्रे उचला आणि खालचा फोटो पाठवा.