खरपुडीचा कंदील

आत्तीच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन होऊन महिना झाला आणि थेंब घालायचे संपले तशी ती घरात बसून कंटाळली. गावाकडं सोड म्हणून सकाळी चहाबरोबर एकदा आणि रात्री जेवताना एकदा, असं रोज चालू होतं. शेवटची तपासणी सोमवारी होती म्हणून मी म्हटलं दोन दिवस थांब, युनिव्हर्सिटीत बॉटनी डिपार्टमेंटची बाग आहे, शेजारचा पोरगा तिथं एमएस्सी करतोय आणि तो सगळं फिरवून दाखवतो म्हणालाय, ते बघ आणि मग जा. आत्ती म्हणाली, "झाडं बघाय शेरात कशाला फिरायचं रं, आमच्या दारात काय कमी हाईत व्हय?" पण शनिवारी सकाळी सगळ्यात आधी चप्पल घालून दारात तीच उभी होती.

आमचं मूळ गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी. आत्तीचं सासर पण तिथूनच दोन मैलांवर. म्हणजे तिची चौऱ्याहत्तर वर्षं त्याच एका डोंगराच्या कडेकडेनं गेलीत. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, आणि कॅम्पस केवढा तर आठशे एकराच्या वर. सायबर चौकातून रोज जा-ये करणाऱ्यांना आत किती झाडी आहे याचा अंदाज येत नाही. आत शिरलो आणि रस्त्याच्या कडेलाच मोर, पिसारा नव्हता, पिसं गळायचा सीझन, पण तीन-चार मोर आणि लांडोरी निवांत दाणे टिपत होते. लेकीनं गाडीची काच खाली घेतली तरी हलले नाहीत. पाऊस रात्रभर पडून गेलेला, सप्टेंबरचा तो मधेच ऊन मधेच सावली असला दिवस.

बागेत पामची झाडं आहेत, मोठाली झाडं आहेत, ते सगळं बघितलं, छान आहे. खुळखुळ्याच्या झुडपावर निळसर पट्ट्यांची फुलपाखरं अक्षरशः लगडलेली, वीस-पंचवीस तरी असतील. तो पोरगा म्हणाला ही ब्लू टायगर, खुळखुळ्यातला एक कडू रस चोखायला येतात, नर फुलपाखराला मादीला बोलवायचा वास त्यातूनच तयार करता येतो. म्हणजे खुळखुळा तण म्हणून उपटला की त्यांचं लग्नच अडलं. आत्तीला हे फार पटलं.

पण खरी गोष्ट शेडनेटखाली होती. ओळीनं कुंड्या, प्रत्येकीत एक बारीक वेल नाहीतर उभं रोप, शेजारी लेबल, सगळी नावं लॅटिनमधली. सेरोपेजिया अमुक, सेरोपेजिया तमुक. मराठीत पुस्तकात यांना कंदीलपुष्प म्हणतात आणि फूल बघितलं की दुसरं नाव सुचतच नाही. खाली फुगीर, वर बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मधे फटी, हुबेहूब कंदिलाची काच आणि वरची जाळी. कुणी हिरवट, कुणी जांभळ्या ठिपक्यांचं, एक तर जवळजवळ काळपट. सेरोपेजिया या नावाचा ग्रीकमधला अर्थ मेणाचं कारंजं असा आहे म्हणे, तेही बरोबर वाटतं कारण फुलावर तसलीच मेणासारखी चकाकी असते.

मी फोटो काढत होतो आणि आत्ती एका कुंडीसमोर थांबून राहिलेली. वाकली, नव्या डोळ्यानं अगदी जवळून बघितलं आणि म्हणाली, "ही खरपुडी की रं. हिला हितं कुंडीत कुणी घातली?"

मग तिनं जे सांगायला सुरुवात केली ते मी कधीच ऐकलं नव्हतं. लहानपणी गुरं घेऊन सड्यावर जायची पोरं, श्रावण-भादव्यात, दुपारपर्यंत भाकरी संपलेली असायची, मग झुडपाच्या आधारानं चढलेली ही वेल शोधायची आणि विळ्याच्या टोकानं उकरायची. खाली सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा कंद. धोतराला नाहीतर परकराला पुसून कच्चाच खायचा. कचकचीत, पाणीदार, शेवटी जराशी कडवट चव. "साळिंदर पण हेच खातंय, आमची आन् त्याची शर्यत असायची." फूल मात्र तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं, फुलाकडं बघत बसायला कोण थांबतंय, पोटात भूक.

त्या पोरानं खिशातनं भिंग काढून आत्तीच्या हातात दिलं, एका वाळत आलेल्या फुलाची नळी ब्लेडनं उभी चिरली आणि म्हणाला आता बघा. लेक म्हणाली, "आज्जी, मी आधी बघतो." आत्ती म्हणाली, "थांब बाय, माझा डोळा नवा हाय." नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस, सगळे खाली तोंड करून. फुलाच्या वासानं भुलून चिलटाएवढी माशी येते, कंदिलाच्या फटीतनं आत जाते, केस खाली वळलेले असल्यामुळं सरसर खाली उतरते पण वर चढता येत नाही. अडकते ती फुगीर भागात. तिथं हिंडताना परागकणांची जोड पिशवी चिमट्यासारखी तिच्या तोंडाला लागते. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतले केस सुकून मरगळतात, ताठ उभं असलेलं फूल आडवं होऊन कलतं आणि माशी सुटते. ती ते ओझं घेऊन दुसऱ्या कंदिलात शिरते, आणि असं झालं तरच बी धरतं. फूल तिला मारत नाही, खात नाही, फक्त कामापुरतं ठेवून घेतं. आम्ही तिघं त्या चिरलेल्या फुलावर वाकून पाच-सात मिनिटं तरी होतो, त्यात आत्तीनं एक मेलेली नव्हे तर जिवंत माशी दुसऱ्या फुलाच्या तोंडाशी शोधून दाखवली, जी त्या पोराला पण दिसली नव्हती.

या कुंड्या इथं कशा आल्या तर बॉटनीचे प्रा. एस. आर. यादव आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं सह्याद्रीतल्या कड्याकपारीतनं हिंडून हे कंदील शोधत आले, थोडे कंद, थोडं बी आणून इथं वाढवलं. यातल्या कित्येक जाती फक्त आपल्या सह्याद्रीत आहेत, जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, आणि त्यातल्या काही एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्यात. काही जातींची रोपं परत डोंगरात नेऊन लावायचं कामही या मंडळींनी केलंय.

तिथंच त्या पोरानं एका गवताची गोष्ट सांगितली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हबार्डिया नावाचं गवत, दिसायला नाजूक, पान पातळ, सात शिरांवरनं नावात पुढं हेप्टान्यूरॉन. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी ते जोगच्या धबधब्याजवळनं गोळा केलेलं. पुढं शरावतीवर वीजप्रकल्पाची धरणं झाली, धबधब्याचं पाणी बदललं, नंतर शोधणाऱ्यांना ते तिथं सापडेना आणि गवत संपलं असंच सगळे धरून चालले. आणि ते सापडलं कुठं? आपल्या चंदगड तालुक्यातल्या तिलारी घाटात! यादव सरांच्याच टीमला. सतत पाणी ठिबकणारा, ऊन न लागणारा कातळ लागतो त्याला, एवढीच त्याची मागणी. मी तिलारीला किती वेळा गेलोय, त्या ओल्या कातळाला हात लावून फोटो काढलेत, त्या हिरव्या बुरशीसारख्या दिसणाऱ्या थरात काय काय असेल हे आता डोक्यातनं जात नाही.

आत्ती मात्र गवतात नव्हती, ती खरपुडीतच अडकलेली. परत त्या कुंडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "आम्ही उकरून खाल्ली म्हणून संपली काय रं?"

मला एकदम काय बोलावं सुचलं नाही. त्या पोरानं तिला खोटा धीर दिला नाही हे मला आवडलं. म्हणाला, आज्जी, कंद उकरून खाल्ल्यानं काही ठिकाणी ती कमी झाली हे खरंय, गुरं शेंडा खातात ते पण आहे. पण तुमच्या वेळी सडा अख्खा होता. एक उकरली तर पलीकडं दहा असायच्या, बी वाऱ्यावर उडून नवीन जागी पडायचं. आता सड्याचाच तुकडा जातो.

हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांच्या पोटात बॉक्साइट आहे आणि त्यासाठी वरचा थर खरवडून ट्रक भरभरून गेलेत. जिथं खाण नाही तिथं फार्महाऊससाठी जेसीबी चढतो, जांभा फोडून सपाटी होते, उन्हाळ्यात वणवे लावले जातात. आणि सड्याकडं बघणाऱ्याला फेब्रुवारीत तिथं खरंच काही दिसत नाही, काळा कातळ आणि वाळकं गवत, त्यामुळं सरकारी कागदावर सुद्धा ‘पडीक’ लिहिलं की काम सोपं होतं. पण खरपुडीचा कंद तेव्हा वितीभर मातीत झोपलेला असतो. सात महिने झोप, मृगाचा पाऊस लागला की कोंब, श्रावण-भादव्यात फूल, दिवाळीपर्यंत शेंगा, संपलं वर्ष. आपण ज्याला पडीक म्हणतो ती त्यांची झोपायची वेळ आहे.

राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, कास, कोयना, चांदोलीबरोबर, आणि त्याचा मला अभिमान आहेच, पण गव्याला जेवढी माणसं ओळखतात तेवढी या बोटभर फुलाला ओळखत नाहीत. आणि कुंडीचं म्हणाल तर कुंडी हवीच, उद्या सड्यावरची शेवटची वेल गेली तरी कंद शिल्लक राहील. पण ती माशी कुंडीत लावता येत नाही. तिला लागणारा ओलावा, कुजका पाला, आजूबाजूची दहा झुडपं, तेही कुंडीत मावत नाही. बाग बघून आल्यापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

निघताना एका वेलीवर शेंगा दिसल्या, जोडीनं आलेल्या, बारीक चवळीसारख्या, वर नेटची छोटी पिशवी बांधलेली. लेकीनं विचारलं पिशवी का. तर शेंग फुटली की बी उडून जातं, प्रत्येक बियाला रेशमाचा झुबका. "म्हणजे म्हातारी!" लेक ओरडली. हो, रुईच्या शेंगेतनं उडते तीच म्हातारी, कारण रुई आणि खरपुडी एकाच कुळातल्या. माझ्या लेकीनं म्हाताऱ्या पकडायला अख्खा मार्च महिना घालवलेला असतो त्यामुळं आता ती त्या वेलीची एकदम जवळची नातेवाईक झाली.

चहा घेताना आत्तीनं त्या पोराला आणखी बरीच झाडं सांगितली, पानं अशी, वास असा, बाळंतिणीला हे, गुरांच्या खुराला ते, आणि तो वहीत लिहून घेत होता. मधेच थांबून तिनं विचारलं, तुझ्या त्या लेबलावर खरपुडी का लिवलं न्हाई? तो म्हणाला, लिहितो आज्जी. आणि मग तीच म्हणाली की आमच्या गावच्या सड्याला देवीच्या देवळामागं करवंदीच्या जाळीत अजून वेल असतीया, गुरं तिकडं शिरत न्हाईत, जाग मी दावतो.

पुढच्या शनिवारी निघायचंय, पहाटे. गाडीत तो पोरगा, मी, लेक आणि आत्ती, म्हणजे आत्तीला सोडणं पण होतंय. येताना कॅमेरा आण, भिंग आण, वही आण, सगळं आण, फक्त कुदळ आणू नको, असं आत्तीनं त्याला फोन करून दोनदा सांगितलंय.