मुलाखतीच्या सुटाचे बूट: माझा अनुभव

सूट शिवून झाला होता, फक्त पॅन्टची मोहरी दुमडायची राहिली होती. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या मास्टरजींनी माझ्या पायातल्या स्पोर्ट्स शूजकडे पाहिलं आणि टेप गळ्यात परत अडकवली. "पहले जूते ले आओ बेटा, लंबाई तब लूँगा." बुटाची टाच किती उंच आहे त्यावर पॅन्ट कुठे पडणार हे ठरतं, हे मला तेव्हा कळलं. मुलाखत बँकेची, भोपाळला, जुलैमध्ये. हातात चौदा दिवस होते.

घाईघाईत ऑनलाइन काळे ऑक्सफर्ड, म्हणजे लेसचे फॉर्मल बूट, मागवले. स्पोर्ट्स शूज आठ नंबरचे आहेत म्हणून आठच घेतले. आले तर टाच मागून निसटत होती आणि वरून मात्र पाय आवळला जात होता. लेस ओढली तरी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जवळ येईनात, मध्ये व्ही आकाराची फट राहायची. शिवाय फोटोत चामड्यासारखं दिसलेलं हातात घेतल्यावर रेक्झिन निघालं. परत पाठवण्यात चार दिवस गेले आणि मला खरोखर काळजी वाटायला लागली.

बाबा म्हणाले, "उद्या संध्याकाळी बाड्यावर जाऊ. सकाळी नको." दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो, म्हणून. महाराज बाड्याजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी नंबर विचारलाच नाही. पातळ मोजे घालायला लावले, कागदावर उभं केलं आणि पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पावलांभोवती रेघ काढली. उजवं पाऊल जरासं लांब निघालं. "बड़े पैर का नाप लेंगे," ते म्हणाले. नंबर आला साडेसात. फॉर्मल बूट बहुधा स्पोर्ट्स शूजपेक्षा अर्धा-एक नंबर लहान लागतात. अर्धा नंबर म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर, पण टाचेला तेवढ्याने फरक पडतो.

ऑक्सफर्ड मला का आवळत होता, तेही त्यांनीच दाखवलं. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो फार उघडत नाही. डर्बी या दुसऱ्या प्रकारच्या बुटात त्या वरून शिवतात, मोकळ्या सुटतात. माझ्या पावलाचा वरचा उंचवटा जास्त आहे, म्हणून डर्बी. दिसायला ऑक्सफर्ड जास्त रुबाबदार, हे मला आजही मान्य आहे. पण सहा तास बसायचं, चालायचं, तर पायाचं ऐकावं लागतं.

माल आग्र्याचा होता. ग्वाल्हेरहून आग्रा सव्वाशे किलोमीटरच्या आत, तिथल्या हींग मंडी या बुटांच्या बाजारातले बूट इथल्या बऱ्याच दुकानांत असतात. काकांनी बुटाची जीभ बाहेर ओढून तिची न दुमडलेली कड दाखवली. चामड्याची कड आतून तंतू-तंतू दिसते; रेक्झिनची वर प्लास्टिकचा थर आणि खाली कापड अशी. मग पुढच्या भागावर अंगठा दाबला, तर त्याच्याभोवती बारीक सुरकुत्या पसरल्या आणि सोडताच मिटल्या. मी तीनदा दाबून पाहिलं.

रंगावर थोडा वाद झाला. सूट नेव्ही ब्लू, त्यावर गडद तपकिरी शोभतो आणि मला तोच आवडला होता. बाबा काळ्यावर अडून बसले. बँकेसाठी काळाच बरा, शिवाय घरातला काळा बेल्ट चालेल, असं ते म्हणाले आणि मला पटलं. सोल रबराचा घेतला. चामड्याचा सोल पावसात पाणी पितो आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो. बत्तीसशे रुपये लागले. आईला ते जास्त वाटले.

दुसऱ्याच दिवशी बूट घालून मास्टरजींकडे उभा राहिलो. पुढे बुटावर एकच हलकी घडी आणि मागे टाचेच्या एक बोट वर, अशी मोहरी त्यांनी खडूने आखली. रोज संध्याकाळी घरात तासभर तेच बूट, तेच मोजे. पहिल्या दोन दिवशी डाव्या टाचेला लागलं, पट्टी लावली, नंतर चामडं सैलावलं. मोजे पोटरीपर्यंतचे घेतले, कारण खुर्चीत बसल्यावर पॅन्ट वर सरकते आणि नडगी दिसते.

आदल्या रात्री बाबांनी स्वतः पॉलिश केलं. थोडं पॉलिश, दहा मिनिटं वाळू देणं, ब्रश, शेवटी माझ्या जुन्या बनियनचा तुकडा. प्रवासात मी चप्पल घातली. बूट कापडी पिशवीत, आत वर्तमानपत्राचे बोळे. भोपाळ स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये ते चढवले तेव्हा बाहेर पाऊस चालू होता. तीन तासांनी माझं नाव पुकारलं, मी उठलो आणि सरळ चालत आत गेलो. पायांकडे लक्षसुद्धा गेलं नाही.