घरी चार्जर बसवायला सरकार पैसे देतं का?

इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की हा प्रश्न येतोच: घरच्या चार्जरवर अनुदान किती आणि अर्ज कुठे करायचा? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून महाराष्ट्रापुरतं सरळ उत्तर देतो. स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीसाठी बसवलेल्या चार्जरवर राज्याकडून रोख अनुदान मिळत नाही.

‘सहा हजार मिळतात’ असं ऐकलं असेल, तर ते दिल्लीचं. तिथल्या २०२० च्या धोरणात पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत मदत होती. आपल्या २०२१ च्या धोरणातही स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये अशी तरतूद होती, पण ती सार्वजनिक आणि निमसार्वजनिक चार्जरसाठी. त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. २०२५ च्या धोरणात खासगी गाडीवाल्याला मोटार वाहन करात माफी आहे, शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी ठेवलेले २,००० कोटी रुपयेही सार्वजनिक स्टेशनांसाठीच आहेत.

तरी एक सवलत सगळ्यांना मिळते आणि बिलात नेमकी तीच निसटते. ऑगस्ट २०१९ पासून ईव्ही चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे. वायरिंग आणि मजुरीवर १८ टक्के लागतो. कंत्राटदाराने सगळ्याचं एकच ठोक बिल केलं तर चार्जरवरही १८ टक्के लागून जातात. म्हणून कोटेशन घेतानाच चार्जर वेगळ्या ओळीत मागा. स्कूटर घेत असाल तर चार्जर किमतीत धरलाय का तेही बघा. गाडीची किंमत अनुदानाच्या मर्यादेत बसवण्यासाठी काही कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे लावले होते, आणि २०२३ मध्ये त्यांना ते ग्राहकांना परत करावे लागले.

अनुदानापेक्षा मोलाचा आहे तो कनेक्शनचा हक्क. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ईव्हीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं, आणि अर्ज पूर्ण असेल तर नवं कनेक्शन महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायचं आहे. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायलाही पूर्ण मुभा आहे. मग स्वतंत्र मीटर कशाला? तर स्लॅबसाठी. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर चढतो. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी कार साधारण १५० युनिट खाते. घरचा वापर २५० असेल तर त्यातले १०० युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात. ईव्हीच्या वर्गवारीत असे स्लॅब नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. स्वतःची मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घेऊन हा हिशेब मांडा. 

आता मंजूर भार, म्हणजे तुमच्या मीटरवर एका वेळी ओढायला मान्य केलेली वीज. जुन्या फ्लॅटमध्ये तो बरेचदा २ ते ५ किलोवॅटच असतो. ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) एकटाच ७.२ किलोवॅट ओढतो, म्हणजे आधी भारवाढीचा अर्ज आलाच. पण रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याला लागतात ६ युनिट, आणि ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर ती दोन तासांत भरतो. माझ्या मते बहुतेक घरांना तेवढा पुरे. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावून वेग काडीचाही वाढत नाही. पैसे भरायच्या आधी हा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात बघा.

पैसे वाचवायला लोक जातात ते वायरीत, आणि गोंधळ तिथेच होतो. १५-१६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच). ३२ अँपिअरसाठी अंतर ३० मीटरच्या आत असेल तर ६ ची वायर, त्यापुढे १० ची, आणि ४० अँपिअरचा एमसीबी. ६ च्या वायरीत ३० मीटरवर सुमारे ७ व्होल्ट पडतात. सोसायटीत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ५०-६० मीटर सहज होतात आणि तिथे ही घट जवळपास दुप्पट होते.

गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी कित्येक तास. त्यामुळे गिझरला वर्षानुवर्षं पुरलेला १६ अँपिअरचा सॉकेट गाडीला लवकर दगा देऊ शकतो. आधी एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग प्लग ओढताना चिकटतो. बहुधा आतला स्क्रू सैल असतो. तो घट्ट करून भागत नाही, कारण तापलेल्या पितळी पट्टीची पकड गेलेली असते. सॉकेट बदलायचा, आणि शक्य असेल तर निळा औद्योगिक घ्यायचा.

आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, तोही टाइप ए. स्वस्तातला ‘टाइप एसी’ हा डीसी गळतीने आंधळा होतो आणि ऐन वेळी ट्रिप होत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळती संरक्षण नसेल तर टाइप बी घ्यावा लागतो, आणि तो बराच महाग असतो. चार्जर लाल दिवा लावून बसला तर पहिला संशय अर्थिंगवर घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने मोजा, २-३ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग तपासून घ्या, गरज पडली तर वेगळा खड्डा करा.

सोसायटीकडे ‘परवानगी द्या’ एवढ्याच ओळीचा अर्ज नेऊ नका. केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा परवाना क्रमांक, केबलचा आयएसआय तपशील आणि खर्च व दुरुस्ती माझी अशी लेखी हमी जोडा. समितीला नाही म्हणायला जागा उरत नाही. तळघरात पार्किंग असेल तर चार्जर कमरेच्या वर लावा, जुलैमध्ये तिथे पाणी येतं. आणि डीलरच्या ‘मोफत इन्स्टॉलेशन’मध्ये किती मीटर वायर धरली आहे आणि पुढच्या प्रत्येक मीटरला किती पडतील, हे गाडी ताब्यात घेण्याआधी लेखी घ्या.