काळ्या चौकोनांमागे कॅटालूचीत

नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी पर्वतांत, कॅटालूचीच्या खोऱ्यात लोक येतात ती एल्क नावाची मोठी हरणं बघायला. २००१ साली ती इथे पुन्हा आणून सोडली. मी आलो होतो काळे चौकोन शोधायला.

पाठपिशवीत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचा, १:६२,५०० मापाचा यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचा, नकाशा होता. त्यांच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर असे जुने नकाशे फुकट मिळतात. काळा चौकोन म्हणजे इमारत, त्यावर झेंडा असला तर शाळा, क्रूस असला तर चर्च. १९३४ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि वाड्या उठल्या.

मार्चअखेरीस गेलो ते मुद्दाम. पालवी फुटली की जंगलात काही म्हणजे काही दिसत नाही.

लिटल कॅटालूचीत आज पायवाट आहे, पण पायांना ती वेगळंच सांगते. रुंदी गाडीची, चढ बेताचा, एका अंगाला डोंगर कापलेला. जनावरांचा दम ओळखून आखलेला रस्ता तो. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटल्या, म्हणजे चढ तीव्र झाला, की तो वळसा घेतो. त्या विरळ होतात तिथे, ओढ्याकाठी, चौकोन.

पहिल्या चौकोनाच्या जागी मोबाईलने नेऊन उभं केलं ते ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळीत. अर्धा तास तिथेच घुटमळलो. मग डोक्यात प्रकाश पडला: या मापावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साडेबासष्ट मीटर! पेन्सिलीच्या ठिपक्याखाली अख्खं अंगण झाकलं जातं. ओढा ओलांडला, तर समोर डॅफोडिल, सरळ रांगेत. जंगल काही रांगेत फुलं लावत नाही. मागे दगडांचा ढीग, धुराडं असावं.

पुढे टेकाडावर १८८९चं पांढरं बाप्टिस्ट चर्च आणि दफनभूमी. आसपास ओला नावाची वस्ती होती. सफरचंदांच्या बागांसाठी हा भाग ओळखला जाई. पलीकडे कुक कुटुंबाचं लाकडी घर आणि सफरचंदं साठवायच्या कोठाराच्या दगडी भिंती. ही सगळी ठिकाणं माहितीपत्रकात सापडतात, म्हणून तिथे फार रेंगाळलो नाही.

परतताना पुन्हा ओढा ओलांडला. फुलं मोजली, एकोणीस. नकाशावर त्या चौकोनाला नाव नाही. पेन्सिलीने शेजारी 'डॅफोडिल' लिहिलं.