माझा अनुभव : मजूर नाक्यापासून नाट्य विद्यालयाच्या चाचणीपर्यंत

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या ३ वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मी प्राथमिक चाचणी दिली आणि दिल्लीतील पुढच्या कार्यशाळेचे बोलावणे आले, तेव्हापासून नाशिकमधील माझ्या वयाची मुले-मुली मला तयारीविषयी विचारतात. उतारे कोणते निवडले, गाणे कोणते म्हटले, हे थोडक्यात सांगता येते. मात्र जे मला चाचणीत उपयोगी पडले, ते मी दिंडोरी रस्त्यावरील एका मजूर नाक्यावर शिकले.

राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी मी प्रथम परशुराम साईखेडकर नाट्यगृहात उभी राहिले ती विंगेत, हातात सामानाची यादी घेऊन. पुढे भूमिका मिळू लागल्या. पहाटे घारपुरे घाटावर खर्ज लावण्याचा रियाज सुरू केला आणि आपण नटी व्हायचे हे मनाशी पक्के झाले. त्याच सुमारास आमच्या गटाने द्राक्षबागांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांवर पथनाट्य बसवले. पेठ, सुरगाणा भागांतून हंगामात येणाऱ्या या मजुरांना रोजाने पैसे मिळतात की उक्त्याने, मुकादम त्यातून किती कापतो, फवारणीच्या वेळी हातमोजे मिळतात का, हे आमचे विषय होते. संहितेची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला, दोन खेपा घातल्या आणि परवानगी मिळाली.

नाटकात माझ्या वाट्याला डिपिंगचा प्रसंग होता. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसू लागले की ते जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या, द्रावणात बुडवतात; त्याने घडाचा देठ लांबतो, मणी फुगतात. मी डाव्या हातात द्रावणाचा मग धरून उजव्या हाताने काल्पनिक घड खाली ओढून त्यात बुडवत असे. नाक्यावरच्या पहिल्याच प्रयोगात समोर बसलेल्या एक मावशी उठून रिंगणात आल्या. "पोरी, घड खाली येत नाही. हातातला मग वर जातो," असे म्हणत त्यांनी माझा मगाचा हात मनगटाशी धरला, डोक्याच्या वर नेला आणि तिथेच ठेवला. "आता दिवसभर असा ठेव. पाणी कोपरापर्यंत येतं, बाहीत जातं." लोक हसले नाहीत, ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. काही क्षणांतच माझा खांदा भरून आला, आणि वेदना दाखवण्यासाठी चेहऱ्यावर जे काही मी आजवर करत होते, ते सगळे अनावश्यक असल्याचे मला कळले.

त्यानंतर आम्ही प्रसंग नव्याने बसवला. संवाद निम्मे झाले. पिकअप गाड्यांच्या हॉर्नवर मात करण्यासाठी मी ओरडत असे, त्यामुळे एकदा आवाज पूर्ण बसला. तेव्हा आमच्या गटाच्या सरांनी पोटातून श्वास घेऊन शब्दाचा शेवट न गिळता बोलण्याचा सराव महिनाभर करून घेतला.

याच काळात एका शिबिरात एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी मला बजावले, की चळवळ अभिनयाला भडक करते, तेव्हा दोन्हींपैकी एक निवड. त्यांचे म्हणणे मला आजही पटत नाही. भडकपणा येतो तो तयारी अपुरी असल्यामुळे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी ज्या शहरात सुरू झाला आणि भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे ज्या जिल्ह्यात उभे राहिले, तिथे गाणे-नाटक आणि लढा वेगळे नव्हतेच. दिल्लीलगतच्या साहिबाबादजवळ १ जानेवारी १९८९ रोजी पथनाट्य चालू असताना पथनाट्यकार सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला त्यांच्या साथीदारांनी त्याच जागी जाऊन तो प्रयोग पूर्ण केला. हे वाचल्यावर पथनाट्याला कच्चे काम मानणे मला शक्य नाही.

चाचणीसाठी मी एक उतारा ग्रीक शोकांतिकेतील आणि एक आधुनिक मराठी नाटकातील घेतला होता. दुसरा उतारा मध्येच थांबवून परीक्षकांनी शब्दांशिवाय एखादे काम करून दाखवण्यास सांगितले. मी हातातला काल्पनिक मग वर नेला. एक घड, मग पुढचा, मग त्यापुढचा. बाहीत ओघळ शिरला तेव्हा हात झटकण्याची इच्छा झाली, पण मावशी झटकत नाहीत. पुढचा घड थांबलेला असतो. खोलीत कोणी काही बोलले नाही, आणि थोड्या वेळाने मला बसण्यास सांगितले.

अंतिम निवड झाली, तर येत्या छाटणीच्या हंगामात मी नाक्यावर नसेन. ही बाब मला फार लागली, कारण प्रयोग दर हंगामाला होतील असा शब्द आम्ही तिथे दिला होता. म्हणून गेल्या महिन्यापासून माझी भूमिका मी गटातील एका अकरावीतल्या मुलीला शिकवते आहे. रविवारी तिला नाक्यावर नेले. तिने डाव्या हातात मग धरला, उजवा हात घडासाठी उचलला आणि खाली ओढला. मी गप्प राहिले. मावशी जागच्या उठल्या होत्या.